टॉवर आमच्या वावरात, सातबारा आमच्या नावावर

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, सोबत भाचा होता. सकाळी घागर भरून झाली, वर डांगर ठेवलं, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला. बाहेर ऊन इतकं की कुत्रंसुद्धा ओट्याखालून हलेना. भाचा पुण्याला हिशेबाच्या कामात आहे. त्याने मोबाईल काढला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आयुष्यभर ज्या लाइन्स सांभाळल्या ना, तशा लाइन्सचे युनिट मी घेतलेत. दर तीन महिन्यांनी खात्यात पैसे येतात. शेअरसारखी धाकधूक नाही."

पॉवरग्रिड या केंद्र सरकारच्या पारेषण कंपनीच्या इन्व्हिटचे युनिट होते. इन्व्हिट म्हणजे असा ट्रस्ट, ज्यात लोक पैसे घालतात आणि लाइन्सच्या भाड्यातला वाटा घेतात; त्या वाट्याला युनिट म्हणतात, विजेच्या युनिटशी त्याचा संबंध नाही. मला त्याचं कौतुकच वाटलं, पोरगा पैसा जपून लावतो. मी विचारलं, "यात धाकधूक का नाही रे?" तो म्हणाला, "मामा, स्पर्धाच नाही. लाइन एकदा उभी राहिली की तिच्या शेजारी दुसरी कोण टाकणार? त्यातून वीज वाहो न वाहो, लाइन चालू स्थितीत असली की भाडं मिळतं. करार 35 वर्षांचा."

त्याचं प्रत्येक वाक्य खरं आहे. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. तो ज्या गोष्टींना गुण म्हणत होता, त्याच गोष्टींमुळे तारा विकू नयेत असं मला इतकी वर्षं वाटत आलंय. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण खान्देशातल्या ज्याच्या वावरात टॉवर आहे त्याने तरी पूर्ण वाचावी.

आधी मी कोण ते सांगतो. 31 वर्षं अतिउच्चदाब उपकेंद्रात ऑपरेटर होतो. बोर्डात, म्हणजे राज्य वीज मंडळात लागलो, महापारेषणमधून निवृत्त झालो. 2003 च्या वीज कायद्यानंतर 6 जून 2005 ला बोर्डाचे तुकडे झाले. वीज तयार करायला महानिर्मिती, ती लांबवर वाहून न्यायला महापारेषण, घरोघर द्यायला महावितरण. लोकांच्या तोंडी आजही "बोर्ड"च आहे, माझ्याही.

दीपनगरला कोळसा जळतो, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला 125 मेगावॅटचं सोलर आहे. ती वीज तुमच्या विहिरीवरच्या मोटारीपर्यंत यायची तर मधे टॉवर लाइन लागते. गावात लाइट गेली की लोक डीपीकडे बघतात, वायरमनला फोन करतात. टॉवर लाइनकडे कोणी बघत नाही, कारण ती सहसा जात नाही. आमच्या कामाचं माप तेच होतं, कोणाला आमची आठवण येऊ नये.

ते काम कसलं असतं ते थोडं सांगतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे जातो. ऊन वरून आणि लोड आतून, दोन्हीने तार तापते, तापली की लांबते आणि खाली उतरते. त्याला आम्ही झोळ म्हणतो. जानेवारीत जी तार झाडाच्या शेंड्यापासून चांगली लांब दिसते, ती मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता जवळ आलेली असते. म्हणून पेट्रोलिंगवाले भर उन्हात लाइनीखालून चालत जायचे. डोक्याला उपरणं, हातात पाण्याची कॅन, नजर वर. कुठे सुबाभूळ वाढलीय, कुठे बांधावरचा निंब तारेकडे गेलाय, कुठली डिस्क (तार टांगायची चिनी मातीची चकती) फुटलीय, कुठल्या टॉवरचा अँगल चोराने काढून नेलाय, सगळं वहीत. संध्याकाळी वही साहेबांच्या टेबलावर आली की दुसऱ्या दिवशी लाइन बंद ठेवायचं परमिट घेऊन कामगारांची गँग निघायची.

हे काम किरकोळ वाटेल. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेतल्या ओहायोत तापून उतरलेल्या तारा झाडांना लागल्या, एकामागून एक लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, कंट्रोल रूममधला अलार्म बंद पडला होता, आणि अमेरिका-कॅनडात मिळून पाच कोटी लोक अंधारात गेले. त्याला मालकी कारण होती असं मी म्हणत नाही. ग्रिड, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या लाइन्सचं जाळं, कुठल्या टोकाला उसवेल याचा नेम नसतो, एवढंच सांगतोय. आपल्याकडे 30 आणि 31 जुलै 2012 ला ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी 60 कोटींपेक्षा जास्त लोकांची वीज गेली. आपला पश्चिम विभाग तेव्हा वाचला.

आता मुद्द्यावर येतो.

बोर्ड सगळं एकत्र चालवायचं. जगभर असंच होतं. मग म्हणणं आलं की ज्याची वीज त्याचीच तार असेल तर तो दुसऱ्याची वीज आपल्या तारेवरून जाऊच देणार नाही. हे म्हणणं बरोबर होतं. अमेरिकेत 1996 मध्ये केंद्रीय ऊर्जा आयोगाने हुकूम काढला, तारा सगळ्यांना खुल्या करा. आपल्या 2003 च्या कायद्यानेही पारेषण करणाऱ्याला विजेचा व्यापार करायला बंदी घातली. रस्ता वेगळा, गाड्या वेगळ्या. बोर्डाचे तुकडे झाले तेव्हा आमच्यातले बरेच जण चिडले होते, मीसुद्धा घोषणा दिल्या होत्या. पण पारेषण वेगळं केलं ते चुकलं नाही, हे मला नंतर पटलं.

वेगळं करणं आणि विकणं यात मात्र फरक आहे, आणि तो हळूहळू पुसला जातोय. अमेरिकेत हुकूम होता तारा खुल्या करायचा. काही वीज कंपन्यांनी त्या विकूनच टाकल्या. मिशिगन राज्यात एका कंपनीने 2002 मध्ये आपल्या लाइन्स 29 कोटी डॉलरला दिल्या. दुसरीने, डेट्रॉइटच्या डीटीईने, 2003 मध्ये आयटीसी नावाची आपली पारेषण कंपनी 61 कोटी डॉलरला विकली. घेणाऱ्यांत केकेआर ही न्यूयॉर्कची गुंतवणूक कंपनी होती. तारा होत्या तिथेच राहिल्या, टॉवरही तेच. बदललं ते दर ठरवणारं ऑफिस. मिशिगनच्या राज्य आयोगाकडचा पारेषणाच्या दराचा अधिकार वॉशिंग्टनच्या केंद्रीय आयोगाकडे गेला, आणि त्या आयोगाने या स्वतंत्र कंपनीला भांडवलावर 13.88 टक्के परतावा मंजूर केला. आयटीसी नंतर आणखी राज्यांतल्या लाइन्स घेत मोठी झाली आणि 2016 मध्ये कर्जासकट 1,130 कोटी डॉलरला कॅनडाच्या कंपनीने घेतली.

हे लांबचं वाटतंय ना? मग धुळ्याकडे या.

भोपाळ-धुळे ट्रान्समिशन नावाची कंपनी आहे. 765 केव्हीचं जाळं: जबलपूर, भोपाळ, इंदूर, इकडे छत्रपती संभाजीनगर-धुळे, धुळे-वडोदरा, आणि धुळ्याला मोठं उपकेंद्र. स्टरलाइटने टेंडर जिंकून बांधलं. 2017 मध्ये ते इंडिग्रिड या इन्व्हिटमध्ये गेलं आणि त्याचे युनिट बाजारात आले. 2019 मध्ये त्या इन्व्हिटमध्ये सिंगापूर सरकारचा जीआयसी फंड आला, आणि केकेआर आली. मिशिगनवाली तीच केकेआर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ बसून राहिलो. तापीच्या खोऱ्यातली तार आणि डेट्रॉइटची तार एकाच पारखी नजरेला आवडली, कारण दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही.

यात कोणी काही बेकायदा केलं असं मी अजिबात म्हणत नाही. ती लाइन नव्याने, टेंडर काढून, त्यांच्या पैशाने झाली. टेंडरमुळे नव्या लाइन्सचं भाडं कमी आलं हेही मला मान्य आहे. खाजगीवाले लाइन नीट ठेवत नाहीत असंही म्हणणार नाही. लाइन 98 टक्के वेळ उपलब्ध नसली तर त्यांचं भाडं कापलं जातं, ते ड्रोन उडवतात, आमच्या वहीपेक्षा चांगल्या नोंदी ठेवतात. नवी लाइन कोणी बांधायची, तर ज्याचं टेंडर कमी त्याने बांधावी.

माझं म्हणणं जुन्या लाइन्सबद्दल आहे. ज्या बोर्डाने बांधल्या, ज्यांचे हप्ते आपण बिलातून फेडले, आणि ज्यांच्या पायाखालची जमीन फुकट आहे.

हो, फुकट. इथे मला घरचंच सांगावं लागेल. माझ्या वडिलांच्या वावरात 220 केव्हीचा टॉवर उभा राहिला तेव्हा मी शाळेत होतो. 1885 चा तार (टेलिग्राफ) कायदा लावून टॉवर टाकतात. जमीन संपादन होत नाही, मालकी घेतली जात नाही, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. तेव्हा मिळायची ती फक्त पिकाची नुकसानभरपाई. उभी कपाशी तुडवली गेली होती, तिचे पैसे मिळाले. चार पायांमधल्या चौकोनाचे मिळाले नाहीत. बैलजोडी तिथे वळायची नाही, औत अडकायचं, म्हणून आईने तो तुकडा कुदळीने खणून तिथे मिरची लावली. वर्षानुवर्षं ती तारांखाली वाकून मिरच्या तोडायची. पावसाळी सकाळी वर डिस्कांचा चरचर आवाज चालू असायचा, ती म्हणायची, बोलतोय तो. तारांखालच्या 35 मीटरच्या पट्ट्यात आंबा लावता आला नाही, विहीर हलवता आली नाही. आज ट्रॅक्टर आला तरी त्या चौकोनाला वळसा घालूनच जावं लागतं.

वडील एका शब्दानेही कुरकुरले नाहीत. गावात कोणी विचारलं तर म्हणायचे, सरकारचं काम आहे, वीज सगळ्यांना लागते. त्या एका वाक्यावर उभ्या खान्देशात हजारो टॉवर उभे आहेत. महापारेषणचं जाळं राज्यभरात सुमारे 50 हजार सर्किट किलोमीटरचं आहे (एका टॉवरवर दोन सर्किट असली तर लांबी दोनदा धरतात), देशातल्या राज्यांत सगळ्यात मोठ्यांपैकी एक. त्याचा मोठा भाग अशाच भरवशावर उभा राहिलाय. टॉवरखालच्या जमिनीचे पैसे द्यावेत असं केंद्राने पहिल्यांदा नीट लिहून दिलं ते ऑक्टोबर 2015 मध्ये, किमतीच्या 85 टक्के. जून 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत पायाच्या जमिनीला 200 टक्के आणि ग्रामीण भागात तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के आलं. चांगलं झालं. पण ते नव्या लाइन्सना. माझ्या आईच्या मिरचीच्या चौकोनाला नाही.

मग सांगा, अशी लाइन उद्या कोणाला विकली किंवा 25-30 वर्षांसाठी दिली, तर जी किंमत येईल त्यात त्या चौकोनाचा वाटा किती? शेतकऱ्याने जमीन सरकारी कामाला दिली होती, कोणाच्या तिमाही वाटपाला नव्हे. इन्व्हिटसाठी सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नियमच आहे की खर्च जाऊन उरलेल्या पैशांतले किमान 90 टक्के युनिटवाल्यांना वाटायचे. भाच्याच्या खात्यात दर तीन महिन्यांनी येतात ते हेच. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ज्यांच्या डोक्यावरून तार जाते त्यांचं नाव त्या वाटपात कुठेच नाही, याचं वाटतं.

केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये यादी काढली, सरकारी मालमत्तांमधून चार वर्षांत सहा लाख कोटी उभे करायची. त्यात पारेषण लाइन्स होत्या 28,608 सर्किट किलोमीटर, किंमत 45,200 कोटी. त्याच वर्षी पॉवरग्रिडने आपल्या पाच कंपन्यांचा 74 टक्के हिस्सा इन्व्हिटमध्ये टाकला, त्यात आपली परळी आणि वरोरा होती. बाजारातून 7,735 कोटी उभे राहिले. सरकार म्हणतं, विकत नाही, मुदतीने देतोय, आणि आलेल्या पैशातून नव्या लाइन्स बांधू. सोलर वाढतंय, लाइन्स लागणारच आहेत, हे मी नाकारत नाही. पण ठरलेलं उत्पन्न देणारी लाइन हातात असेल तर तिच्यावर बँक कर्ज देते. दुभती म्हैस दारात ठेवूनही कर्ज काढता येतं, ती बाजारात न्यायची गरज नसते.

भाचा म्हणाला होता, "मामा, दर आयोग ठरवतो, मग मालक कोण याने काय फरक पडतो?" प्रश्न चांगला आहे. फरक अडचणीच्या दिवशी कळतो.

कॅलिफोर्नियाचं बघा. तिथे वीज बाजार खुला केला आणि 2001 च्या जानेवारीत आळीपाळीने वीज कापायची वेळ आली. लबाडी करून भाव चढवणाऱ्यांत एन्रॉन होती. दाभोळमुळे महाराष्ट्राला हे नाव वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये पीजी अँड ई ही एवढी मोठी वीज कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी काय केलं? दक्षिणेकडच्या एडिसन कंपनीच्या पारेषण लाइन्स राज्याने 276 कोटी डॉलरला विकत घ्यायचा करार मांडला. विधिमंडळात तो पुढे गेला नाही, पण घर जळायला लागल्यावर हात कुठे गेला ते लक्षात घ्या. तारांकडे गेला. जर्मनीने 2018 मध्ये 50हर्ट्झ या पारेषण कंपनीतला 20 टक्के हिस्सा सरकारी बँकेमार्फत घेतला, कारण तो चीनच्या सरकारी कंपनीकडे चालला होता. ब्रिटनने 1990 मध्ये ग्रिड खाजगी हातांत दिलं होतं, 2024 मध्ये ग्रिड चालवणारी संस्था 63 कोटी पौंड देऊन परत सरकारकडे आणली.

आणि जळगावचं उदाहरण तर घरातलं आहे. 2011 मध्ये जळगावचं वितरण फ्रँचायझी म्हणून क्रॉम्प्टन ग्रीव्हजला दिलं होतं. 2015 मध्ये ते परत महावितरणकडे आलं. येऊ शकलं, कारण तारा, डीपी, खांब सगळं महावितरणच्याच मालकीचं होतं. दिलं होतं ते काम. ज्याने काम दिलं त्याला ते परत घेता येतं. इन्व्हिटमधल्या कितीतरी लाइन्सच्या करारात 35 वर्षांनंतरही मालकी कंपनीचीच राहते.

आता एक छोटी गोष्ट, माझ्या डोळ्यांसमोरची. आमच्या गावाजवळून एक नवी खाजगी लाइन गेलीय. वर लिहिलेल्या लाइन्सपैकी ती नाही, कंपनीचं नाव मी घेणार नाही. शेजारच्या आबांच्या वावरात तिचा टॉवर आहे, नाल्याच्या अगदी काठाला. मागच्या पावसाळ्यात नाल्याने माती नेली आणि टॉवरच्या एका पायाचं काँक्रीट हातभर उघडं पडलं. आबा मला घेऊन गेले. मी खाली बसून बघितलं, हाताने माती बाजूला केली. टॉवर लगेच पडेल असं नव्हतं, पण दोन पावसाळे असेच गेले तर काय होईल ते मला माहीत होतं. टॉवरवरच्या पाटीचा फोटो काढला. नंबर लावला तर कळलं, कंपनीचं नाव बदललंय. नवा नंबर शोधला. पलीकडून एक मुलगी हिंदीत अदबीने बोलली, टॉवर नंबर घेतला, तक्रार नंबर दिला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी माणसं आली, दगडाची भिंत बांधली, काम चांगलं केलं. पण पाच महिने लागले. या पाच महिन्यांत लाइन शंभर टक्के उपलब्ध होती, भाडं एका पैशाने कापलं गेलं नसणार. कारण पायाखालून माती जाणं हे उपलब्धतेच्या मापात बसतच नाही. ते मापात येतं टॉवर पडल्यावर.

आमच्या वेळी आबा सायकलवर उपकेंद्राच्या गेटवर आले असते. गेटवर मी असतो किंवा माझ्यासारखा कोणी. मी लॉगशीटच्या मागे लिहिलं असतं, साहेबांना फोन केला असता. साहेब चांगले असते तर आठ दिवसांत काम, नसते तर आबांनी आमदाराकडे जाऊन आरडाओरड केली असती. सरकारी ऑफिसात दिरंगाई होते, मी ती आतून बघितलीय आणि त्यावर पांघरूण घालणार नाही. पण जाऊन उभं राहायला एक दार होतं.

त्या दिवशी नाल्याच्या काठावर उभं राहून आबांनी मला विचारलं, "नाना, या तारा आते कोन्या शेतस? सरकारन्या का शेठन्या?" मी त्यांना इन्व्हिट, ट्रस्टी, युनिटधारक असं काही सांगायला गेलो आणि मधेच थांबलो. 80 वर्षांच्या माणसाला त्याच्याच वावरातल्या लोखंडाचा मालक कोण हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ती व्यवस्था त्याच्यासाठी केलेली नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. नव्या लाइन्सना टेंडर काढा. जुन्या, फेडून झालेल्या सरकारी लाइन्सची मालकी हलवू नका. मुदतीने द्यायच्याच असतील तर आधी गावोगाव कळवा, कोणत्या गटातला कोणता टॉवर कोणाकडे जाणार. मिळणाऱ्या पैशातून आधी त्या जुन्या चौकोनांचे पैसे आजच्या नियमाने द्या, उरलेले नव्या लाइन्सना न्या. आणि तालुक्याला एक ऑफिस ठेवा, जिथे माणूस बसलेला असेल.

पारेषणाच्या दराची याचिका राज्य वीज नियामक आयोगापुढे आली की आयोगाच्या सांगण्यावरून कंपनी पेपरात जाहिरात देते आणि कोणीही सामान्य माणूस लेखी हरकत देऊ शकतो. वकील लागत नाही. मुंबई-पुण्याचे ग्राहक, कारखानदार हरकती देतात. टॉवरखालचा शेतकरी तिथे मला दिसलेला नाही. पुढच्या वेळी मी देणार आहे. मसुदा मराठीत लिहायला घेतलाय. ज्यांच्या वावरात बोर्डाच्या काळातला टॉवर आहे त्यांनी गाव, गट नंबर आणि टॉवर साधारण कोणत्या साली उभा राहिला एवढं मला मेसेजमध्ये पाठवा. इथे कॉमेंटमध्ये टाकू नका.

आबांनी त्यांचा जुना सातबारा काल आणून दिला. मागच्या बाजूला पेन्सिलीने टॉवरच्या चार पायांचं चित्र काढलंय, मधे किती पावलं भरतात ते लिहिलंय. सोळा बाय सोळा. आता आमच्या वावरातला चौकोन मोजायला उद्या सकाळी ऊन व्हायच्या आत जातोय, भाचाही येतो म्हणालाय.